पलंगाखालचे अकरा दिवस

गुंडी ही आमची दत्तक कुत्री. ती घरी आली तो मार्चमधला एक रविवार होता. तिला घेऊन आलेल्या मुलीने पिंजऱ्याचं दार उघडलं. आम्ही चौघं स्वागताला दारात उभे. गुंडी आमच्या पायांमधून सुसाट निघाली ती थेट आईच्या पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून बसली. पुढचे अकरा दिवस तिथेच. रात्री सगळे झोपले की बाहेर यायची, चिकन-भात संपवायची, बाल्कनीत जाऊन यायची आणि पहाटे परत खाली. आईने पहिल्या संध्याकाळी वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर नव्या नवरीसारखी कोपरा धरून बसलीये."

खरं सांगायचं तर मी हिरमुसले होते. रस्त्यावरच्या जखमी कुत्र्याला घर मिळतं आणि तो शेपटी हलवत मिठीत शिरतो, असे व्हिडिओ मी महिनोन्महिने पाहिले होते. गुंडीचा पाय गाडीखाली येऊन मोडला होता, चार महिने तिने प्राण्यांच्या निवाऱ्यात काढले होते. आपण तिला घर दिलं म्हणजे तिला आनंद व्हायला हवा, आणि तो तिने ताबडतोब दाखवायला हवा, असा माझा हिशेब. तिला आणून देणाऱ्या मुलीने मात्र निघताना एवढंच सांगितलं होतं: "ताई, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. घाई करू नका." तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवडे घराची लय कळायचे आणि तीन महिने घर आपलं वाटायचे. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही, प्राण्यांना घरं मिळवून देणाऱ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. पण त्यामागचं शरीरशास्त्र हळूहळू उलगडतंय आणि ते भलतंच रंजक आहे.

ताण आला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. ते वाईट नसतं. सकाळी आपण अंथरुणातून उठतो त्यातही त्याचा हात असतो. पण ते दिवसेंदिवस चढलेलंच राहिलं तर झोप, भूक, प्रतिकारशक्ती सगळ्याचा विचका होतो. आता कुत्र्याचं कॉर्टिसॉल मोजायचं कसं? सुई टोचली की त्या टोचण्यानेच ते वाढतं! म्हणून संशोधक लघवी तपासतात, त्यात मागच्या काही तासांचा हिशेब मिळतो. आणि आणखी मागचं हवं असेल तर केस. वाढत्या केसात रक्तातलं कॉर्टिसॉल थोडं थोडं मुरत जातं, त्यामुळे केस म्हणजे गेल्या काही आठवड्यांची रोजनिशीच.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या लोकांनी ही रोजनिशी वाचली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 52 कुत्रे होते. निवाऱ्यात आल्यावर, सहा आठवड्यांनी आणि मग नव्या घरी गेल्यावर सहा आठवड्यांनी व सहा महिन्यांनी त्यांचे केस घेतले. निवाऱ्यात सहा आठवडे काढल्यावर केसांतलं कॉर्टिसॉल चढलेलं दिसलं, आणि घर मिळाल्यावर ते खाली आलं. निवारा चालवणाऱ्यांचा यात दोष नाही. ते लोक जीव ओतून काम करतात. पण शंभर कुत्रे एका छपराखाली म्हटल्यावर भुंकण्याचा आवाज 100 डेसिबलच्या वर जाऊ शकतो. माणसाच्या कानाची मर्यादा 20 हजार हर्ट्झच्या आसपास आहे, कुत्र्याला 45 हजारांपर्यंत ऐकू येतं. आपल्याला जो नुसता गोंगाट, तो त्याच्यासाठी काय असेल!

अमेरिकेतला दुसरा एक प्रयोग मला याहून जास्त आवडतो, कारण तो साधा आहे. पाच निवाऱ्यांतल्या 207 कुत्र्यांना फक्त एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी मुक्कामाला पाठवलं. आधीचं, मुक्कामातलं आणि परतल्यानंतरचं कॉर्टिसॉल लघवीतून मोजलं. मुक्कामात ते उतरलं. कुत्रे घरात सलग, गाढ विसावले. परत निवाऱ्यात आल्यावर कॉर्टिसॉल पुन्हा पहिल्या पातळीला गेलं, पण त्याच्या वर गेलं नाही. म्हणजे "दोन दिवस लळा लावून परत सोडायचं, त्यापेक्षा नकोच," ही जी आपली हळहळ असते, तिला या आकड्यांत आधार सापडत नाही. कायमचं दत्तक घेणं जमत नसेल तर 'फॉस्टर' म्हणून थोडे दिवस सांभाळणं ही दुय्यम गोष्ट नव्हे. त्या जनावरासाठी ती झोपेची सुट्टी असते.

तर गुंडी पलंगाखाली होती म्हणजे रुसली नव्हती. ती झोप भरून काढत होती आणि आमचा अभ्यास करत होती. मिक्सर लागतो, पण मारायला कुणी येत नाही. कुकरची शिट्टी होते, पुढे काहीच घडत नाही. झाडू उचलला जातो, पण तो केर काढायला. मेंदू भीती अशी पुसत नाही. भीतीची जुनी नोंद तशीच ठेवून तो तिच्यावर नवी नोंद चढवतो: इथे हा आवाज धोक्याचा नाही. ही गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली तीही कुत्र्यांमध्येच. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रसिद्ध प्रयोगांत इशारा दिला की कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. खाऊ न देता नुसताच इशारा देत राहिलं की हळूहळू ते बंद व्हायचं. मग थोडी विश्रांती दिली की तीच सवय आपोआप परत डोकं वर काढायची. जुनं शिकलेलं गेलेलं नसतं, झाकलेलं असतं. हे वाक्य मी दिवाळीसाठी जपून ठेवते.

अकराव्या दिवशी दुपारी आई जमिनीवर मांडी घालून मेथी निवडत होती. टीव्ही चालू. गुंडी बाहेर आली, आईच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर बसली आणि तिच्याकडे बघत राहिली. आईने हात पुढे केला नाही, हाक मारली नाही. नुसतं बघितलं आणि परत मेथीत डोकं घातलं. असं चार-पाच वेळा. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून.

या बघण्यावर जपानमधल्या अझाबू विद्यापीठात मोठं काम झालंय. मिहो नागासावा, ताकेफुमी किकुसुई आणि सहकाऱ्यांनी 2015 साली 'सायन्स' या नियतकालिकात ते मांडलं. कुत्रा आणि त्याचा माणूस अशा 30 जोड्या अर्धा-अर्धा तास एका खोलीत ठेवल्या, आधी आणि नंतर दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. बाळंतपणात, अंगावर पाजताना आईच्या शरीरात जे वाहतं तेच हे संप्रेरक. जे कुत्रे आपल्या माणसाकडे जास्त वेळ बघत होते, त्या जोड्यांत दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढलं. माणसांनी लहानपणापासून वाढवलेले लांडगे मात्र असे डोळ्यांत बघत बसले नाहीत. लांडग्याच्या जगात नजरेला नजर भिडवणं म्हणजे आव्हान. हजारो वर्षं माणसाच्या चुलीशी राहून कुत्र्याने त्या नजरेचा अर्थच बदलला. आई आणि तान्हं बाळ यांच्यातला जो दुवा, त्यात तो येऊन बसला.

आता थोडं पाणी घालते. 30 जोड्या म्हणजे फार नव्हेत. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारण्याचा पुढचा प्रयोग फक्त माद्यांमध्ये लागू पडला, नरांमध्ये नाही. शिवाय 'प्रेमाचं रसायन' हे त्याचं लाडकं नाव मला खटकतं, एका रेणूवर इतका भार टाकू नये. स्वीडनमधल्या 34 लाख माणसांच्या नोंदी तपासल्या तेव्हा एकट्या राहणाऱ्यांपैकी कुत्रा पाळणाऱ्यांत बारा वर्षांतला मृत्यूचा धोका 33 टक्क्यांनी कमी दिसला होता. तो आकडाही असाच जपून घ्यावा. धडधाकट माणसंच कुत्रा पाळायच्या भानगडीत पडत असतील, कोण जाणे. तरीही अमेरिकेतल्या एका विद्यापीठात 249 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग नाकारता येत नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल नुसतं लांबून बघणाऱ्यांपेक्षा कमी भरलं. आनंद बघण्यात थोडा असतो, हात लावण्यात जास्त.

आणि हे दोन्ही बाजूंनी खरं दिसतं. कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट गेली कित्येक वर्षं आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतोय. अनोळखी माणसावर भटका कुत्रा विश्वास कशाने ठेवतो, हे त्यांनी तपासलं. काहींना खाऊ दिला, काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. काही दिवसांनी कळलं की बिस्किटापेक्षा हाताने विश्वास जास्त पक्का होतो. उकिरड्यावर पोट भरणाऱ्या जनावरांबद्दल आपण बोलतोय, हे लक्षात घ्या. याच गटाचा 2016 चा अभ्यास मात्र वाचवत नाही: 95 वेतांतल्या 364 पिल्लांपैकी वयात येईपर्यंत टिकली फक्त 19 टक्के, आणि झालेल्या मृत्यूंपैकी 63 टक्क्यांना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत. गाडी, विष, काठी.

"जात कोणती?" लिफ्टमध्ये हमखास विचारतात. मी "इंडी" म्हणते. पूर्वी गावठी म्हणायचे, आता इंडी म्हटलं की जरा भाव येतो. रतन टाटांचा 'गोवा' हाही गोव्यातल्या रस्त्यावरचंच पिल्लू होता. जातीवंत कुत्र्याचा स्वभाव आधीच माहीत असतो, इंडीचा भरवसा नाही, असं मला एका काकांनी समजावलं. त्यांना सांगायला हवं होतं की 2022 मध्ये अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं वाचून जो अभ्यास आला, त्यात कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीने उलगडतो तो जेमतेम 9 टक्के. पण चौथा मजला आला, राहिलं.

मांजरांचा विषय काढला नाही तर डोंबिवलीची बहीण बोलणार नाही. तिने गेल्या पावसाळ्यात रिक्षाच्या इंजिनाशेजारून काढलेलं बोक्याचं पिल्लू आणलं, नाव ढब्बू. मांजर घराशी बांधलं जातं, माणसाशी नाही, असं आपण म्हणत आलो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले यांनी 2019 मध्ये हे तपासलं, तान्ह्या बाळांसाठी वापरतात तीच पद्धत वापरून. दोन मिनिटं माणसाबरोबर अनोळखी खोलीत, दोन मिनिटं एकटं, मग माणूस परत. आल्यावर जवळ येऊन, अंग घासून, मग निवांत खोली धुंडाळायला लागलं, की समजायचं नातं भक्कम आहे. पिल्लांपैकी 64 टक्के आणि मोठ्या मांजरांपैकी सुमारे 66 टक्के अशी निघाली. माणसाच्या बाळांमध्येही प्रमाण साधारण इतकंच. मांजर नातं ठेवतं, जाहिरात करत नाही, इतकंच.

ढब्बूसाठी बहिणीने महागडं मऊ अंथरूण घेतलं होतं. तो राहिला ते ज्या खोक्यातून आलं त्यात. उत्रेख्तमध्येच 2014 साली निवाऱ्यातल्या 19 मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकं मिळालेली पहिल्या काही दिवसांतच जास्त शांत झाली. ज्याला लपता येतं त्याला बाहेर येणंही सोपं जातं. गुंडीचा पलंग तोच. पहिल्या आठवड्यात मी तिला ओढून बाहेर काढायला निघाले होते, आईने हात धरला म्हणून बरं. आणि मांजराकडे बघून डोळे सावकाश मिटून उघडले तर तेही तसंच करतं आणि जवळ यायची शक्यता वाढते, हे इंग्लंडमध्ये 2020 साली मोजून दाखवलंय. बहीण आता भाजीवाल्याकडेही तसंच बघते.

कोरडी कामं आहेतच. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला इमारतीच्या आवारातही फिरवू नये. नसबंदी करून घ्यावी. कानाला खाच दिसली तर ती झालेली आहे असं समजावं. चावा किंवा ओरखडा लागला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कुत्रा घरचा असला तरी. हळद-तिखट लावू नये.

आणि दिवाळी. जूनपर्यंत गुंडी सोफ्यावर उताणी झोपायला लागली होती, दारावरची बेल तिने स्वतःच्या अखत्यारीत घेतली होती. पोस्टमन सोडून सगळ्यांशी तिची मैत्री झाली होती. नरकचतुर्दशीला पहाटे पहिली माळ फुटली आणि ती पुन्हा पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून, मार्चमधल्या त्याच जागी. मला रडू आलं. आठ महिने पाण्यात गेले असं वाटलं, पाव्हलॉव्ह वाचलेला असूनही.

आईने काही न बोलता गादी खाली जमिनीवर ओढली. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं ती खाली बसत नाही, फार तर मेथी निवडायला. ती पलंगाच्या कडेला आडवी झाली आणि एक हात आत सरकवून तसाच ठेवला. बाहेर सुतळी बॉम्ब चालू. पाच-दहा मिनिटांनी आतून सरपटल्याचा आवाज आला, आणि एक नाक आईच्या मनगटावर येऊन टेकलं.

"लाइट बंद कर," आई म्हणाली. "आणि उटणं आता उद्या."