एकाच सूचीतल्या दोन ‘चॅरिटेबल’ संस्था: एक सभासदांची, एक दात्यांची

अमेरिकेतल्या जुन्या ग्रंथालयांच्या छापील सूची चाळताना अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘चॅरिटेबल सोसायटी’, ‘रिलीफ सोसायटी’, ‘बेनेव्होलंट सोसायटी’ अशा नावांच्या नोंदी वाढत जातात. कुणाची घटना म्हणजे नियमावली, कुणाचा अहवाल, कुणाच्या वर्गणीदारांची यादी. सगळ्या एकाच घरातल्या वाटतात, पण त्यांत दोन अगदी वेगळ्या तऱ्हेच्या संस्था मिसळलेल्या असतात. काहींमध्ये पैसे देणारा आणि मदत घेणारा माणूस एकच असतो. काहींमध्ये देणारे एकीकडे आणि घेणारे दुसरीकडे, मधे चौकशी करणारी समिती. हा फरक सुटला की अमेरिकन दानधर्माचा इतिहास केवळ सुखवस्तूंच्या औदार्याचा होऊन बसतो, आणि तुटपुंज्या कमाईतून एकमेकांना सावरणारी माणसं त्यातून गळतात.

पहिल्या तऱ्हेचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे फिलाडेल्फियाची फ्री आफ्रिकन सोसायटी. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स या दोघांनी १७८७ च्या एप्रिलमध्ये ती उभी केली. दोघंही गुलामीत जन्मलेले. सभासदाने महिन्याला एक शिलिंग भरायचा. वर्षभर वर्गणी भरल्यावर गरजू सभासदाला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळत, मात्र ओढवलेली अडचण त्याच्या स्वतःच्या बेफिकिरीने आलेली नसावी, अशी अट होती. सभासद वारला तर विधवेला आधार आणि मुलांच्या शिक्षणाची काळजी. यात उपकार नाही. पैसे भरले म्हणून हक्क आहे, आणि तो ठरवणारे लोकही आपल्यातलेच आहेत.

आता न्यूयॉर्कला या. लहान मुलं असलेल्या गरीब विधवांना मदत करणारी सोसायटी १७९७ मध्ये इझाबेला ग्रॅहम आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी काढली. ग्रॅहम स्वतः विधवा होत्या, मुलं वाढवताना त्यांनीही हलाखी सोसली होती. तरीही संस्थेची रचना वेगळी: वर्गणीदार बायका वेगळ्या, मदत घेणाऱ्या वेगळ्या. व्यवस्थापक बायका घरी जाऊन चौकशी करत, वागणूक पाहत आणि मदत शक्यतो वस्तूंच्या रूपात देत. काम मोलाचं होतं, यात शंका नाही. पण नियम करताना मदत घेणारीला मत नव्हतं.

नावावरून ओळखायला जाल तर फसाल. १७९५ ची मॅसॅच्युसेट्स चॅरिटेबल मेकॅनिक असोसिएशन नावाने धर्मादाय, पण ती कारागिरांची स्वतःची संघटना होती. बॉस्टनचे चांदीकाम करणारे कारागीर पॉल रिव्हिअर तिचे पहिले अध्यक्ष. बॉस्टनची स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी तर १६५७ ची, परमुलखात आलेल्या स्कॉट लोकांनी आपल्याच गरिबांसाठी केलेली सोय. ती दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते. म्हणून माझा आग्रह असा की नाव सोडा, घटना उघडा, आणि पैसे भरणाऱ्यांच्या यादीतला माणूस मदतीच्या कलमातही आहे का ते पाहा.

सूचीकारांनी हे दोन प्रकार मुद्दाम मिसळले नाहीत. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स जुएट यांनी १८५२ मध्ये नियम घातला की संस्थेने स्वतःच्या नावाने काढलेल्या प्रकाशनाचा लेखक ती संस्थाच मानावी. या नियमात कोणकोणत्या संस्था येतात त्याच्या यादीत धर्मादाय संस्था स्पष्टपणे आहेत. नियम उपयोगी होता, पण नोंद नावाखाली गेली, स्वरूपाखाली नाही. चार्ल्स इव्हान्स यांची १९०३ पासून निघालेली, अमेरिकेत छापलेल्या जुन्या पुस्तकांची सूची तर वर्षवार आहे. १७९० च्या दशकात अशा संस्था कशा फोफावल्या हे तिच्यात दिसतं, त्यांचा प्रकार मात्र दिसत नाही. शिवाय सूचीत येतं ते छापलेलं. दात्यांच्या संस्थेला देणगीसाठी अहवाल आणि प्रवचनं छापणं भाग होतं. परस्पर मदतीच्या मंडळाचं काम हाताने लिहिलेल्या वहीवर भागत असे.

दात्यांची तऱ्हा पुढे किती लांब पोहोचली, याचा एक पुरावा मराठी मुलखात आहे. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. न्यू इंग्लंडमधल्या वर्गणीवर पुढे इथे मराठी शाळा आणि छापखाना चालला.

आणि ॲलन-जोन्स यांच्या मंडळींचं काय? १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत त्यांनी फिलाडेल्फियातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मृतांना पुरलं. तरी तिथले प्रकाशक मॅथ्यू कॅरी यांनी काही कृष्णवर्णीयांवर लुबाडणुकीचा आरोप केला. १७९४ मध्ये दोघांनी उत्तरादाखल पुस्तिका छापली आणि तिच्यात जमाखर्चच मांडला: दफनाच्या आणि बिछाने जाळण्याच्या कामात त्यांना १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्सचा तोटा सोसावा लागला होता. हा महत्त्वाचा कागद सोसायटीच्या नावाखाली शोधू नका. तो मिळेल जोन्स आणि ॲलन या लेखकांच्या नावांखाली.