समनामी गावे व मृत्युस्थळ-निश्चिती (कोकण किनारा)

समनामी गावे व मृत्युस्थळ-निश्चिती : एकाच नावाची दोन वा अधिक स्थळे असताना, ऐतिहासिक व्यक्तीचा अंत त्यांपैकी नेमका कोठे झाला हे ठरविण्याचा प्रश्न व त्यासाठी वापरली जाणारी साधने. चरित्रकोश, वंशावळी व स्थलनामसूची यांच्या संपादनात तो सर्वत्र येतो. तथापि कोकण किनाऱ्यावर तो विशेष बिकट आहे. एकेका गावाबद्दल बखरकार, फार्सी तवारीखकार, पोर्तुगीज अधिकारी व इंग्रज वखारवाले अशा चौघांनी लिहिले आणि प्रत्येकाने आपल्या माहितीतले गाव विशेषण न लावता नोंदविले. लोकव्यवहारात मात्र हा घोळ फारसा नाही. कोकणातला माणूस शेजारच्या गावाचे वा ठळक खुणेचे नाव जोडून बोलतो : केळवे-माहीम, मुरुड-जंजिरा, मुरुड-हर्णै. कागदात यांतला अर्धा भाग गळतो आणि अभ्यासकाची अडचण सुरू होते.

माहीम : या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण. उत्तर कोकणात दोन माहीम आहेत. एक मुंबईच्या सात बेटांपैकी. दुसरे पालघरच्या पश्चिमेस केळव्यालगतचे, ज्याला पोर्तुगीज कागदांत केळव्याचे माहीम म्हटलेले आढळते. दोन्हीकडे पोर्तुगीज काळाशी जोडलेले किल्ले आहेत, दोन्हीकडे खाडी आहे, आणि शीतलादेवीचे देऊळ जसे मुंबईच्या माहिमात तसेच केळव्यातही आहे. त्यामुळे ‘माहीमचा कोट’ किंवा ‘माहीमची देवी’ एवढ्या उल्लेखावरून काहीच ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातील सरकारी कागदांत ‘माहीम तालुका’ असे आले, तर तो ठाणे जिल्ह्यातील उत्तरेकडचा तालुका, म्हणजे आजच्या पालघर भागातील, हे ध्यानात ठेवावे. तो मुंबईचा भाग समजून केलेल्या नोंदी नंतरच्या सूचींत तशाच उतरत जातात.

वादाचे मूळ बिंब राजाच्या कथेत आहे. महिकावतीची बखर या नावाने ओळखला जाणारा प्रकरणसंग्रह वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील जुना भाग केशवाचार्याचा व शके १३७० (इ. स. १४४८) च्या सुमाराचा मानला जातो, इतर प्रकरणे त्यानंतरची आहेत. बखरीतील एका परंपरेप्रमाणे प्रतापबिंब हा शके १०६० (इ. स. ११३८) च्या सुमारास उत्तरेकडून किनाऱ्याने खाली आला आणि त्याने महिकावती, म्हणजे माहीम, ही राजधानी केली. दुसरी परंपरा बिंबाला देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा पुत्र भीमदेव ठरविते. अलाउद्दीन खलजीच्या देवगिरीवरील स्वारीनंतर (१२९४, काहींच्या मते १२९६) तो कोकणात उतरला आणि १३०३ च्या सुमारास वारला, असे तीत येते. दोन्ही परंपरांत राजाचा शेवट राजधानीशी जोडलेला आहे. ती राजधानी कोणत्या माहिमात, हा खरा मुद्दा.

पहिल्या परंपरेला कोरीव लेखांचा अडथळा आहे. बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पादात उत्तर कोकणावर शिलाहार अपरादित्य (पहिला) राज्य करीत होता व त्याचे लेख उपलब्ध आहेत. त्याच मुलखात, त्याच वर्षांत, स्वतंत्र बिंब राजा बसविणे अवघड जाते. फार तर तो उत्तरेच्या पट्ट्यातला लहानसा सत्ताधीश असावा. आणि तसे मानले तर त्याचे माहीम केळव्याजवळचे ठरणे अधिक संभवनीय. दुसऱ्या परंपरेस असा अडथळा नाही. शिलाहार सोमेश्वराचा यादव महादेवाने सु. १२६५ मध्ये पाडाव केल्यावर कोकण यादवांकडे आलेच होते. राजपुत्राने समुद्राआड बेटावर आसरा घ्यावा हे त्या प्रसंगाला धरूनही आहे. मुंबईच्या जुन्या गॅझेटिअरकारांचा कल या दुसऱ्या मताकडे दिसतो. उत्तरेकडील जुन्या माहिमाचे नाव वसाहतकर्त्यांनी बेटावर आणले असावे, असे तिसरे मत आहे. प्रस्तुत नोंदीत ते अधिक ग्राह्य मानले आहे, कारण त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या लोकस्मृतीला जागा मिळते आणि दोन बिंबांची गल्लत कशी झाली याचाही उलगडा होतो. मात्र बिंबाची समाधी वा वीरगळ निःसंशयपणे दाखविता येत नाही. म्हणून चरित्रकोशात ‘मृत्यू : महिकावती’ एवढेच लिहावे, त्यापुढे ‘मुंबई’ वा ‘पालघर’ जोडू नये.

बिंबानंतरच्या शतकात स्थिती पालटते. फकीह मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे नवायत (कोकण किनाऱ्यावरील अरब वंशाचा मुस्लिम समाज) कुळातील सूफी विद्वान. कुराणावरील त्यांचे अरबी भाष्य प्रसिद्ध आहे. त्यांच्या नावातच गाव आहे, पण निश्चिती नावावरून होत नाही, दर्ग्यावरून होते. तो मुंबईच्या माहिमात आहे, तेथील उरूस अखंड चालत आला आहे आणि त्यात मुंबई पोलिसांचा मान आजही पाळला जातो. गुजरातच्या सुलतानांचा माहीमचा ठाणेदार कुतुबखान १४२९ च्या सुमारास वारला व ती संधी साधून बहमनींचा सरदार मलिक-उत्-तुज्जार याने माहीम घेतले, असे फार्सी तवारीखांच्या आधारे सांगतात. येथे दर्गा नाही. परंतु माहिमापाठोपाठ साष्टीचे (मुंबईच्या उत्तरेच्या बेटाचे) नाव येते आणि गुजरातचे सैन्य ठाण्यावरून बेटाकडे वळते. शेजारच्या स्थळांची ही साखळी मुंबईच्या माहिमाकडेच बोट दाखविते. याउलट चिमाजी आप्पाच्या वसई मोहिमेतील (१७३७–३९) पत्रांत ‘माहिमास’ कामास आलेल्या माणसांचे उल्लेख आले की ते केळवे-माहीम समजावे. मुंबईचे बेट तेव्हा इंग्रजांकडे होते. मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये घेतले ते उत्तरेचे माहीम. त्या वेढ्यात पडलेल्या शिपायांची गणना मुंबईच्या माहिमात करणे हा त्यांच्यावर अन्यायच होय. त्यांचे रक्त ज्या वाळूवर सांडले त्या गावाच्या इतिहासात त्यांची नोंद असायला हवी.

कुलाबा : अलिबागसमोरील जलदुर्ग व मुंबईचे दक्षिण टोक, दोन्हींचे नाव एक आणि इंग्रजी कागदांत बहुधा लेखनही एकच. व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. समुद्रात शिरलेले भूशीर या अर्थाच्या अरबी शब्दाकडे काही जण बोट दाखवितात. मुंबईच्या कुलाब्याच्या नावाचा संबंध ‘कोळभाट’ या शब्दाशी जोडून ते कोळ्यांच्या वस्तीवरून आले असे दुसरे म्हणतात. अलिबागच्या कुलाब्याच्या नावाला कोळभाट लावण्याचा प्रयत्नही झाला आहे, पण तो पटण्यासारखा नाही. भरतीला बेट व ओहोटीला जमिनीशी जोडलेला, अशा त्या खडकाला भूशिराचा अर्थ अधिक शोभतो. एकाच मुळापासून दोन्ही नावे आली असावीत असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

सरखेल कान्होजी आंग्रे यांचा मृत्यू (१७२९) कुलाबा येथे झाल्याचे लिहिले जाते. समाधी अलिबाग शहरात आहे, म्हणून स्थळाविषयी शंका उरत नाही. तारखेबाबत बहुतेक ग्रंथ ४ जुलै देतात, काहींत जूनमधील तारीख आढळते. अशा ठिकाणी कालगणना तपासावी. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी (ज्युलियन) गणना चालविली, पोर्तुगीजांनी १५८२ पासूनच नवी (ग्रेगोरियन) स्वीकारली होती. अठराव्या शतकात दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते, त्यामुळे एकच घटना मुंबईच्या व गोव्याच्या दप्तरांत दोन तारखांना पडते. तिथी व शक मिळाल्यास त्यांनाच प्रमाण धरावे.

रायगड : शिवाजी महाराजांचे निधन चैत्र शुद्ध पौर्णिमा शके १६०२, जुन्या गणनेने ३ एप्रिल १६८० रोजी, रायगड किल्ल्यावर झाले. जिजाबाईंचे निधन त्याआधी १७ जून १६७४ रोजी गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे झाले. त्यांची समाधी तेथे आहे. किल्ल्याविषयी वाद नाही. घोटाळा पुढे आला तो कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळाल्यापासून. आता ‘मृत्यू : रायगड’ ही नोंद किल्ल्याची की जिल्ह्याची, हे वाचणाऱ्याला कळत नाही. पाचाडचे नाव पुसून जिजाबाईंच्या नावापुढेही केवळ ‘रायगड’ लिहिले जाते, हे दुःखद आहे. गडावरच्या वाऱ्याचा त्रास होतो म्हणून आईसाहेबांसाठी पायथ्याशी वाडा बांधला, अशी परंपरा आहे. ते गाव त्यांच्या नावापासून तोडू नये. छत्तीसगडमधील रायगढशी मराठी लेखनात गल्लत क्वचितच होते. यंत्रांनी तयार केलेल्या सूचींत ती होऊ शकते.

रत्नागिरी : ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ च्या डिसेंबरात येथे वारला, त्याचे थडगे शहरात आहे. कोल्हापूरजवळील जोतिबाच्या डोंगरास वाडी रत्नागिरी म्हणतात आणि ओडिशात रत्नागिरी हे बौद्ध विहारांचे स्थळ आहे. नामसाधर्म्य असले तरी मृत्युस्थळाचा प्रश्न येथे उद्भवलेला नाही.

केळशी : दापोली तालुक्यातील केळशीस याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराज त्यांना मानीत, अशी दृढ श्रद्धा त्या परिसरात आहे. गोव्यातील केळशी हे शांतादुर्गेचे मूळ स्थान; सोळाव्या शतकात देवी तेथून कवळ्यास नेली गेली. गोव्याच्या केळशीतून विस्थापित झालेल्या कुळांच्या वंशावळींत ‘केळशीस देवाज्ञा’ असे शब्द आले तर कूळ, कुलदैवत व काळ हे तिन्ही पाहूनच निर्णय करावा.

मुरुड : या नावाची तीन गावे, जंजिऱ्याजवळचे, दापोली तालुक्यातील व लातूर जिल्ह्यातील. धोंडो केशव कर्वे दापोलीच्या मुरुडचे. त्यांचे निधन १९६२ मध्ये पुण्यास झाले.