बारा क्रियापदांपासून दोन बटणांपर्यंत : 'मंकी आयलंड'ची पार्श्वभूमी

'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा संगणकावरचा साहसखेळ १९९० साली आला, तेव्हा पडद्याचा खालचा पाव भागाहून थोडा जास्त हिस्सा चित्राला मिळालेलाच नव्हता. तिथे डावीकडे बारा क्रियापदं, उजवीकडे नायक गायब्रशच्या खिशातल्या वस्तूंची यादी आणि वर एक ओळ असे. 'दे'वर क्लिक, मग वस्तूवर, मग माणसावर, की त्या ओळीत पूर्ण वाक्य तयार होई. मराठी वाचकाला एक गोष्ट लगेच जाणवते : आपण क्रियापद शेवटी बोलतो, इथे ते आधी निवडावं लागतं. आधी काय करायचं ते ठरवा, मग कशाचं ते. ही मालिका पुढे कशी बदलत गेली, ते या एका यादीच्या आकारावरून सर्वांत नीट कळतं.

त्याआधीच्या साहसखेळांत आज्ञा टाइप कराव्या लागत. योग्य शब्द सापडला नाही, तर कोडं सुटूनही अडकून बसायला होई. माउसने निवडायची यादी हा त्यावरचा उपाय होता. १९८७ मध्ये 'मॅनिएक मॅन्शन'साठी लिहिलेल्या 'स्कम' या प्रणालीतून ती आली. त्या खेळात पंधरा क्रियापदं होती. 'मंकी आयलंड'मधल्या गुत्त्याचं 'स्कम बार' हे नाव याच प्रणालीवरून पडलं.

बारांची नऊ झाली ती १९९१ च्या दुसऱ्या भागात, आणि पहिल्या भागाच्या सीडी आवृत्तीतही. 'चालू कर', 'बंद कर' यांची गरज क्वचितच पडे. 'तिकडे जा' तर नुसत्या क्लिकनेच होई. उरली ती दे, उघड, लाव (दार लावतो तसं), उचल, बघ, बोल, वापर, ढकल, ओढ. ही छाटणी बरोबर होती, तिच्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. बंद दारावर कर्सर नेला की 'उघड' उजळायचं आणि उजव्या क्लिकने ते थेट घडायचं, त्यामुळे वेगही वाढला.

या क्रियापदांची ताकद पहिल्या भागातल्या पाण्याखालच्या प्रसंगात दिसते. गायब्रशला एका जड मूर्तीला बांधून समुद्रात टाकलेलं असतं. आजूबाजूला दोर कापता येईल अशी धारदार हत्यारं पडलेली असतात, पण एकही हाताला लागत नाही. खेळाडू 'उचल' निवडून हत्यारांवरच क्लिक करत राहतो. उत्तर एवढंच, की मूर्ती उचलायची आणि चालू लागायचं. आपण दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, असं गायब्रश सांगत असतो. खरोखर दहा मिनिटं काहीच केलं नाही, तर तो मरतो आणि यादीतली क्रियापदं बदलतात : 'तरंग', 'फुग', आणि त्यांच्यातच 'सूचना-पुस्तिका मागव', म्हणजे कोड्यांची उत्तरं सुचवणारी पुस्तिका. खेळाडूचा जीव न घेणाऱ्या या खेळात मरण्याची एवढीच एक वाट आहे, आणि तिचा विनोद क्रियापदांच्या यादीतच घडतो.

'वापर' हे क्रियापद मात्र अडचणीचं ठरलं. दुसऱ्या भागात गुत्त्यातल्या माकडापुढच्या मेट्रोनोमवर (ताल दाखवणाऱ्या हलत्या काट्यावर) केळं ठेवायचं, माकड टक लावून ताठ झालं की त्याला उचलायचं, आणि धबधब्याचा पंप त्याने फिरवायचा. कारण अमेरिकी इंग्रजीत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. हा शब्द ज्यांच्या बोलीत नाही, त्यांना माकड आणि पंप यांचा संबंध जोडणं शक्यच नव्हतं. ब्रिटिश खेळाडूही तिथे अडले. अशा वेळी सगळ्या वस्तू सगळ्या वस्तूंवर 'वापर'त बसणं एवढंच हाती राहतं.

१९९७ च्या 'द कर्स ऑफ मंकी आयलंड'ने यादी काढून टाकली, आणि खरा वाद इथून सुरू होतो. वस्तूवर माउसचं बटण दाबून धरलं की सोन्याचं नाणं उमटतं. त्यावर हात, कवटी आणि पोपट. कवटी म्हणजे बघणं, पोपट म्हणजे तोंडाने करायचं काहीही, हात म्हणजे बाकी सगळं. बटण पटकन सोडलं, तर नाणं येत नाही, गायब्रश नुसता चालत जातो.

नाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे खरे आहेत. ६४० बाय ४८० च्या पडद्यावर हाताने रंगवलेलं चित्र काठोकाठ पसरलं. नऊ क्रियापदांतल्या बहुतेक जोड्यांना तेच ते 'हे जमणार नाही' एवढंच उत्तर मिळे, तो कंटाळा संपला. पण हिशोब मांडून बघा. खोलीत दहा वस्तू असतील, तर नऊ क्रियापदांनी नव्वद शक्यता होतात, नाण्याने तीस. न विचार करता क्लिक करत सुटणाऱ्याला तीस फार नाहीत. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. हाताच्या खुणेत उचलणं, ढकलणं, उघडणं सारंच सामावलं, त्यामुळे यांपैकी काय करायचं हे खेळाडूऐवजी खेळच ठरवू लागला. पाण्याखालची ती मूर्ती नाण्याच्या काळात असती, तर हात लावताक्षणी उचलली गेली असती आणि कोडं कोडं राहिलंच नसतं. पोपटाने थोडी भरपाई केली : वस्तूनुसार तो चावतो, फुंकतो, चाखतो. तेवढ्यात विनोद उरतो, निर्णय उरत नाही.

२००० च्या 'एस्केप फ्रॉम मंकी आयलंड'ने माउसच सोडला. त्रिमितीय पात्र कीबोर्डने चालवायचं, जवळ गेल्यावर शक्य त्या क्रिया खाली ओळींत दिसायच्या. पॉइंट अँड क्लिक मालिकेत क्लिकच उरला नाही, आणि वस्तूसमोर पात्र नेमकं उभं करणं हेच एक काम होऊन बसलं.

२००९ मध्ये पहिल्या भागाची नवी आवृत्ती निघाली. 'एफ१०' दाबलं की जुनं चित्र, पुन्हा दाबलं की नवं. नव्या रूपात क्रियापदं आणि वस्तू लपलेल्या, लागतील तेव्हा उघडायच्या. त्याचा फटका ग्रॉग या चाच्यांच्या जहाल दारूच्या कोड्याला बसला. ग्रॉग पेला वितळवतो, म्हणून तुरुंगाच्या कुलपापर्यंत पोचेपर्यंत तो एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत न्यावा लागतो. जुन्या पडद्यावर 'वापर', भरलेला पेला, रिकामा पेला, असे तीन क्लिक. नव्यात आधी यादी उघडायची, आणि तोवर पेला जातो. इथे 'एफ१०' दाबून जुन्या रूपात जाणंच शहाणपणाचं.

मूळ आवृत्त्या आज 'स्कमव्हीएम' या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतात. त्याला मूळ डेटा फाइल्स लागतात. पहिल्या भागाच्या सीडी आवृत्तीचं संगीत मात्र वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये आहे. ते ट्रॅक उतरवून डेटाशेजारी ठेवले नाहीत, तर खेळ सुरळीत चालतो पण संगीत गप्प राहतं.

२०२२ च्या 'रिटर्न टू मंकी आयलंड'मध्ये दोन बटणं आहेत : एकाने मुख्य क्रिया, दुसऱ्याने दुय्यम. पण कर्सर नेला की नुसतं 'उघड' येत नाही. त्या क्षणी गायब्रशच्या मनात काय आहे, ते वाक्यच उमटतं. गायब झालेली वाक्याची ओळ अशी परत आली. फरक इतकाच, की ते वाक्य आता लेखकांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं. सूचना-पुस्तिकाही आता मागवावी लागत नाही, ती गायब्रशच्या खिशातच असते.