कल्याण-सुधारणेनंतरचा रोजगार व मिळकत (अमेरिका)

अमेरिकेत रोख सरकारी मदतीवर असलेल्या गरीब कुटुंबांच्या, मुख्यतः एकट्या मातांच्या, कामधंद्यात व कमाईत मदतीचे नियम कडक झाल्यावर पडलेला फरक. ‘वेल्फेअर’ला मराठीत ‘लोककल्याण’ म्हटले की अर्थ फार पसरतो. तिथल्या बोलीत हा शब्द बहुधा या एका मदतीपुरता वापरतात.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून निघालेली ही मदत (एएफडीसी, म्हणजे अवलंबित मुले असलेल्या कुटुंबांना मदत) मोडून तिच्या जागी ‘टॅन्फ’ (गरजू कुटुंबांना तात्पुरती मदत) आणणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २२ ऑगस्ट १९९६ रोजी सही केली. केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात एकूण ६० महिने मदत, आणि दोन वर्षांच्या आत काम, या मुख्य अटी. तथापि सुधारणेचा आरंभ १९९६ हाच धरावा का, याविषयी एकमत नाही. बऱ्याच राज्यांनी केंद्राकडून सवलत घेऊन कामाची सक्ती आधीच सुरू केली होती. लाभार्थी कुटुंबांची संख्या १९९४ च्या सुमारास ५० लाखांवर पोचून कायद्यापूर्वीच उतरणीला लागली होती. २००० पर्यंत ती निम्म्याहून खाली आली. म्हणून आरंभ त्या दशकाच्या पूर्वार्धात धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

अविवाहित मातांपैकी काम करणाऱ्यांचे प्रमाण १९९३ ते २००० या काळात सुमारे ४४ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. याचे श्रेय कोणाला, हा खरा वाद आहे. कमावत्या गरिबांची करसवलत १९९३ मध्ये वाढली होती, आणि २००० साली बेकारी ४ टक्क्यांच्या आसपास होती. अर्थतज्ज्ञ ब्रूस मायर व डॅन रोझेनबॉम यांनी १९८४–९६ मधील वाढीचा मोठा वाटा करसवलतीला दिला. दुसरे अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेव्हन यांना तो मान्य नाही. एकाच कारणावर बोट ठेवण्याइतका पुरावा भक्कम दिसत नाही.

कनेक्टिकट राज्याच्या प्रयोगात दारिद्र्यरेषेपर्यंतची सगळी कमाई मदतीच्या हिशेबातून वगळत. रेषेपलीकडे एक डॉलर गेला की संपूर्ण मदत बंद. तिथे सरासरी कमाई थोडी वाढली. पण मधल्या गटाची वाढली, वरच्यांची काही काळ घटली आणि तळाशी काहीच हलले नाही, असे अर्थतज्ज्ञ मारियान बिटलर व सहकाऱ्यांनी दाखवले.

मदत सोडलेल्यांच्या १९९७ मधील पाहणीत संशोधक पामेला लॉप्रेस्ट यांना ६१ टक्के कामावर आढळले. ताशी मध्यक मजुरी ६.६१ डॉलर होती. त्या वर्षी सप्टेंबरपासून किमान वेतन ५.१५ डॉलर झाले होते. मालकाकडून आरोग्यविमा मिळणाऱ्या कामगार चतुर्थांशही नव्हत्या.

राज्यांचे अभ्यास बहुधा बेकारी-विम्याच्या दप्तरावर, म्हणजे मालकांनी राज्याला कळवलेल्या मजुरीच्या नोंदींवर, विसंबतात. शेजारणीचे मूल सांभाळून किंवा घरे झाडून हातात पडलेले रोख पैसे त्यात येत नाहीत, शेजारच्या राज्यातली नोकरीही नाही. काम नाही आणि मदतही नाही, अशा माता त्या दप्तरात केवळ शून्य म्हणून उरतात. हा दोष किरकोळ समजू नये. सर्वांत बिकट घरांचीच माहिती त्यामुळे सर्वांत तोकडी राहिली आहे.