पेशीला भोक पाडणारी प्रथिनं

‘कर्करोगाला मारणारी प्रथिनं आपल्या रक्तातच असतात, मग औषधं कशाला?’ असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि तो नीट सांगण्याजोगा आहे.

रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की पिवळसर द्रव उरतो. त्यात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनं निपचित फिरत असतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ज्यूल बोर्दे यांनी १८९०च्या दशकात त्यांचं काम उलगडलं. १९१९चं नोबेल त्यांना मिळालं.

या प्रथिनांना सी१, सी२ अशी क्रमांकांची नावं आहेत. त्यातलं माझं सर्वांत आवडतं सी३. त्याच्या पोटात एक रासायनिक बंध दडवलेला असतो. अँटीबॉडी, म्हणजे शत्रू ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन, कर्करोगाच्या गाठीतल्या पेशीला चिकटली की सी१ तिथे येऊन बसतं, पुढची प्रथिनं एकामागून एक कापली जातात आणि शेवटी सी३ची पाळी येते. ते कापलं जाताच तो बंध उघडा पडतो आणि क्षणार्धात जवळच्या पृष्ठभागाला कायमचा जोडला जातो. तेवढ्यात काही सापडलं नाही, तर पाण्याशी संयोग होऊन तो वाया जातो. म्हणून मारा जिथल्या तिथे राहतो. मग सी५ फुटतं. सी६, सी७, सी८ त्याला येऊन मिळतात आणि सी९चे सुमारे अठरा रेणू पिंपाच्या फळ्यांसारखे गोल उभे राहतात. पेशीच्या पटलात सुमारे दहा नॅनोमीटरचं आरपार भोक पडतं, पाणी आत घुसतं, पेशी फुगून फुटते.

मग गाठी वाढतात कशा? आपल्या निरोगी पेशी सीडी५५ आणि सीडी५९ ही संरक्षक प्रथिनं अंगावर बाळगतात. सीडी५९ तर सी९ची फळीच बसू देत नाही. कर्करोगाच्या पेशी मूळच्या आपल्याच, त्यामुळे हे कवच त्यांच्याकडेही असतं, पुष्कळदा जास्तच. १९९७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं रिटुक्सिमॅब हे औषध स्वतःच एक अँटीबॉडी आहे; ते लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका संस्थेच्या कर्करोगाच्या, पेशींना चिकटून हीच साखळी सुरू करतं, पण तिथेही सीडी५९ आडवं येतं.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणत चूर्णं विकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: इथे कमतरता शक्तीची नाही, अचूक नेमाची आहे. कवच सरसकट काढलं तर काय होतं, हे पीएनएच (पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया) या रक्ताच्या दुर्मिळ आजारात दिसतं. त्यात तांबड्या पेशींवर ही दोन्ही प्रथिनं नसतात किंवा फार कमी असतात. रुग्णाचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट त्या फोडत राहतं, आणि सकाळची लघवी काळपट लाल होते.