चालकविरहित मोटारींची सुरक्षितता

चालकाऐवजी संवेदक आणि संगणक ज्या मोटारीचे स्टिअरिंग, वेग व ब्रेक सांभाळतात, तिला स्वयंचलित किंवा चालकविरहित मोटार म्हणतात. अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्या ठरवल्या. सुरक्षिततेच्या दृष्टीने खरी सीमारेषा दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या मध्ये आहे. दुसऱ्या पातळीपर्यंत रस्त्यावर नजर ठेवणे हे माणसाचे काम. तिसरीपासून ते यंत्रणेचे. जाहिरातींत ही रेषा बरीच पुसट झालेली असते.

मोटार भोवताल पाहते ती कॅमेरा, रेडिओ लहरींवर चालणारे रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार यांच्या साहाय्याने. समोरच्या उन्हाने कॅमेरा दिपतो, तर धुके आणि पावसात लायडारच्या लेसर किरणांना अडथळा होतो. रडारला धुक्याचे फारसे वावडे नसते, पण वस्तूचा आकार त्याला नीट कळत नाही. म्हणून बहुतेक उत्पादक एकापेक्षा अधिक संवेदक वापरतात. पण दिसणे वेगळे आणि उमजणे वेगळे.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेंपी येथे, उबरच्या चाचणी मोटारीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. तीत तिचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार, यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण तिची ओळख कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, तर कधी सायकल अशी बदलत राहिली आणि दर बदलागणिक आधीच्या हालचालीची नोंद बाजूला पडली. त्यामुळे ती कोणत्या दिशेने चालली आहे, याचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून! पादचारी क्रॉसिंग सोडून इतरत्रही रस्ता ओलांडतात, हे त्या आज्ञावलीत गृहीतच धरलेले नव्हते. खोट्या इशाऱ्यांनी उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून कृतीला एक सेकंद विलंब ठेवलेला होता. मोटारीचा मूळचा आपत्कालीन ब्रेक स्वयंचलनाच्या वेळी बंद असे. आणि देखरेखीसाठी बसवलेल्या व्यक्तीची नजर मोबाइलवर होती.

या शेवटच्या बाबीसाठी केवळ त्या व्यक्तीला दोष देऊन भागत नाही. तासन्‌तास काही घडत नसताना सावध राहणे माणसाला जमत नाही. विमानचालन आणि कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांत हे फार पूर्वी दिसून आले होते. तिसऱ्या पातळीवर तर माणसाला लक्ष काढून घेण्याची मुभा असते आणि गरज पडताच परत बोलावले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या नियमावलीनुसार, ताबा घेण्याच्या सूचनेनंतर साधारणतः दहा सेकंद मिळतात. ताशी ६० किमी वेगाने तेवढ्यात सुमारे १६७ मीटर अंतर कापले जाते.

काही बिघडल्यास ‘बाजूला घेऊन थांबणे’ ही सर्वांत सुरक्षित कृती, असे मानले जाते. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हे गृहीतक उघडे पडले. माणूस चालवत असलेल्या एका मोटारीच्या धडकेने फेकली गेलेली पादचारी महिला क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर पडली. टॅक्सी तिला धडकून थांबली, पण मग नियमाप्रमाणे कडेला जाताना तिला सुमारे सहा मीटर फरफटत घेऊन गेली. गाडीखाली माणूस आहे, हे यंत्रणेला कळलेच नव्हते. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने कंपनीचे चालकविरहित सेवेचे परवाने निलंबित केले.

पाच जणांना वाचवण्यासाठी मोटारीने एकाचा बळी द्यावा का, या कोड्याची चर्चा या विषयात उदंड झाली आहे. वरील दोन्ही अपघातांत मात्र असा पेच नव्हता.

घातपाताचा धोका निराळा. थांबण्याच्या पाटीवर काही स्टिकर चिकटवले की प्रतिमा ओळखणारी प्रणाली तिला वेगमर्यादेची पाटी समजते, हे अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले.

सुरक्षितता सिद्ध करणेही अवघड आहे. ‘रँड’ या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार, मृत्यूच्या प्रमाणात अशी मोटार अमेरिकेतील मानवी चालकांपेक्षा वाईट नाही हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे, तर तिने एकही प्राणघातक अपघात न करता सुमारे ४४ कोटी किमी धावायला हवे. शंभर मोटारी ताशी ४० किमी वेगाने अहोरात्र पळवल्या, तरी याला साडेबारा वर्षे लागतील. दरम्यान आज्ञावली कितीतरी वेळा बदललेली असेल, आणि जुन्या आवृत्तीचे किलोमीटर नवीच्या खात्यावर कितपत जमा धरायचे, यावर एकमत नाही.