जाळातून आलेलं पाणी

गॅसवर गार पाण्याचं पातेलं ठेवलं, की पहिलं मिनिटभर ते बाहेरून घामेजतं. पातेलं गळत नसतं. ते पाणी ज्योतीतूनच आलेलं असतं. नैसर्गिक गॅसमधल्या मिथेनमधला हायड्रोजन जळला की त्याची वाफ होते. १ किलो मिथेनमागे तब्बल सव्वादोन किलो पाणी!

अमेरिका-कॅनडात हिवाळाभर घर तापवणाऱ्या गॅसच्या फर्नेसमध्ये हेच चालतं. जुन्या फर्नेस ही वाफ धुराड्यातून सोडून देत, आणि तिच्याबरोबर उष्णताही. ९० टक्क्यांवर कार्यक्षमता असलेल्या फर्नेस कंजूष असतात. धूर स्टेनलेस स्टीलच्या दुसऱ्या नळ्यांमधून फिरवून त्या तो साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली निववतात. वाफेचं पाणी होतं आणि त्यातून सुटलेली उष्णता घराला मिळते.

उरतं ते पाणी. ते आम्लधर्मी असतं, सामू ३ ते ५ च्या आसपास. बेसिनखाली असतो तशा ट्रॅपमधून ते मोरीकडे जातं. ट्रॅपमध्ये धूळ, गंज आणि बुळबुळीत शेवाळी थर साचतो. उन्हाळ्यात एसीचं पाणीही त्याच वाटेने जात असेल, तर विचारायलाच नको.

ट्रॅप तुंबला की पाणी मागे चढतं आणि धूर ओढणाऱ्या पंख्याचा दाब बिघडतो. हा दाब तपासायला एक प्रेशर स्विच असतो. दाब बरोबर नसेल, तर हा स्विच गॅस सुरूच होऊ देत नाही. पंखा घुरघुरतो, ज्योत पेटत नाही, फर्नेसच्या सर्किट बोर्डावरचा दिवा लुकलुकतो. मग लोक बिचारा स्विचच बदलतात! वायर जोडून त्याला बगल देणं तर जिवाशी खेळ: धूर बाहेर गेला नाही, तर घरात कार्बन मोनॉक्साइड भरू शकतो.

साफसफाई तशी सोपी. आधी वीज आणि गॅस बंद. खाली बादली ठेवून नळी आणि ट्रॅप सोडवायचे, कोमट पाण्याने आणि बाटलीच्या ब्रशने धुवायचे. पुढचा पाइप तुंबला असेल, तर ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम त्याच्या टोकाला लावायचा. आत तार खुपसू नये. ट्रॅप बसवताना त्यात पाणी भरायला मात्र अनेकजण विसरतात. ते पाणी म्हणजे बूच आहे. कोरड्या ट्रॅपमधून पंखा हवा ओढतो किंवा धुराचे वायू घरात येतात.

मग फर्नेस सुरू करायची. थोड्या वेळाने मोरीत थेंब पडू लागले, की वाट मोकळी झाली.